अव्वाची चटणी, आवृत्ती एक

आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज रेकॉर्ड झाला, तो दुसऱ्याच्या बायकोच्या साड्यांत डोकं घालून. लोखंडी कपाटाचं एक दार सरांच्या पाठीशी, दुसरं माझ्या पाठीशी. मधोमध हँगरला दोऱ्यानं टांगलेला माइक. तिन्ही बाजूंनी वहिनींच्या साड्या. आणि त्या साड्यांची मालकीण मागं पलंगावर पावट्याच्या शेंगा सोलत बसलेली.

"तोंड इरकलीकडं करा मॅडम," सर कुजबुजले. "नायलॉनकडं नको. नायलॉन आवाज माघारी फेकतंय."

मी तोंड इरकलीकडं केलं आणि साऱ्या जगाला नमस्कार केला.

सारं जग म्हणजे तेव्हा सात-आठ माणसं होती. त्यातले एक सर स्वतः, घरच्या कॉम्प्युटरवरून. दुसरे सर स्वतःच, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून. एक मी. आणि एक कोणीतरी ब्राझीलमध्ये होता. त्याला मराठी कळत असण्याचं काही कारण नव्हतं, पण आमचा कार्यक्रम तो दर आठवड्याला न चुकता उतरवून घ्यायचा. मी म्हटलं, चुकून होत असेल. सर दुखावले. "चुकून एकदा हुतंय मॅडम. दर रविवारी चुकतोय व्हय माणूस?"

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कास्टिंगच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. सर तिथंच मेंटेनन्सला होते. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. उंच, खांदे पुढं झुकलेले, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कायम एक स्क्रू-ड्रायव्हर. लग्नाला गेले तरी तो खिशात असायचा. का विचारलं तर म्हणायचे, "बंद वस्तू कुठं गाठ पडंल सांगता येत न्हाय."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर त्यांना एक सीडी फुकट मिळाली होती. लिनक्सची. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेला, कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्राम. तो कसा बनवला ते सगळं लिखाण कुणालाही उघडं. बघा, दुरुस्त करा, दुसऱ्याला द्या. ह्यालाच ओपन सोर्स म्हणतात, हे मी पुढं शिकले. सर त्याला नुसतं 'उघडं' म्हणायचे. त्या सीडीपासून त्यांनी जगाचे दोन भाग केले, उघडं आणि बंद. ज्या हॉटेलवाल्यानं मिसळीच्या कटात काय घालतो ते सांगितलं नाही, ते हॉटेल बंद. तिथं त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. घरातल्या मिक्सरचं खालचं झाकण त्यांनी काढून ठेवलं होतं. स्कूटरच्या दोन्ही बाजूंचे पत्रे काढले होते. "आत काय चाललंय ते दिसाय पायजे." पावसाळ्यात आत पाणी जायचं, आणि स्कूटर का बंद पडली ते सगळ्यांना अगदी स्पष्ट दिसायचं.

कंपनीच्या बसमध्ये त्यांचा डबाही उघडा. कुणीही घास घ्यावा, अट एकच. काय कमी-जास्त आहे ते सांगायचं. सर ते वहीत लिहून घ्यायचे आणि संध्याकाळी घरी जाऊन बायकोला वाचून दाखवायचे. "तिसऱ्या सीटवाले म्हणत्यात मीठ उणं. डायवर म्हणतोय वांगं करपलंय." वहिनींनी बारा दिवस ऐकून घेतलं. तेराव्या दिवशी डब्यात नुसती एक चिठ्ठी होती. 'उघडं हाय. करून घ्या.' ती चिठ्ठी सरांनी कौतुकानं सगळ्या बसला दाखवली.

लिनक्सचं चिन्ह पेंग्विन. सरांनी त्याचा स्टिकर हेल्मेटवर लावला होता. कामगारांत तेवढ्यावरून त्यांचं नाव बदकसाहेब पडलं. "बदक न्हाय, पेंग्विन," असं ते प्रत्येकाला थांबून सांगायचे. "तेच की," समोरचा म्हणायचा. "पाण्यातलंच न्हवं?"

एका संक्रांतीला त्यांनी वहिनींना हळदीकुंकवाचं वाण म्हणून लिनक्सच्या सीड्या वाटायला लावल्या. शंभर सीड्या त्यांनी घरी स्वतः बनवल्या होत्या. वर तिळगुळाचं चित्र. वहिनी बिचाऱ्या कुंकू लावून एकेकीच्या ओटीत सीडी घालत होत्या आणि विचारलं की सांगत होत्या, "ह्यांच्या कामाचं हाय. हेनला इचारा." आठवडाभरात गल्लीत फेरी मारली तर निम्म्या घरांच्या गच्चीवर त्या सीड्या दोऱ्याला टांगलेल्या. धान्यावर कबुतरं बसू नयेत म्हणून. दोन रिक्षांच्या मागं रिफ्लेक्टर म्हणून लावलेल्या. मला वाटलं, सर खचतील. ते स्कूटर थांबवून एकेक सीडी मोजत होते. "बघा मॅडम," म्हणाले, "घेतली, आन् आपल्या गरजंपरमानं बदलून वापरली. ह्याच्यापरास उघडं काय असतंय?"

पुढं त्यांनी ब्लॉग सुरू केला. मराठीत टाइप करण्याचं एक यंत्र स्वतःच जुळवलं आणि रोज लिनक्सबद्दल लिहू लागले. कुणी वाचत नव्हतं. मग ते पॉडकास्टवर आले. रेडिओसारखा कार्यक्रम घरी बनवायचा, इंटरनेटवर चढवायचा, ज्याला पाहिजे त्यानं उतरवून ऐकायचा. दुसरा आवाज हवा म्हणून मला घेतलं. दिवसभर फोनवर बोलते तर मला माइकची भीती नसणार, हा त्यांचा हिशोब. कार्यक्रम इंटरनेटवर चढवायला फोनची लाइन लागायची आणि तासन्‌तास लागायची. त्या काळात त्यांच्या घरी कुणाचाच फोन लागत नसे. सख्ख्या चुलतभावाचं लग्न त्यांना लग्नानंतर चौथ्या दिवशी कळलं, तेही आमच्या स्विचबोर्डवरून, माझ्याकडून.

आणि इंटरनेटवर कुणी ऐकत नाही म्हणून ते प्रत्येक भागाची कॅसेट करायचे आणि बसच्या ड्रायव्हरला द्यायचे. कोल्हापूरच्या दसरा चौकातून निघालेली बस कागलला पोचेपर्यंत सत्तर माणसं निमूटपणे 'फाइलींचे हक्क आणि आपण' ऐकायची. उतरायची सोयच नव्हती. शेवटी ड्रायव्हर आरशातून विचारायचा, "बदकसाहेब, झालं का? आता गाणी लावू?"

इथं माझ्या बोलण्याबद्दल एक सांगायला हवं. आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना पुरुषासारखं बोलतो. 'मी येतो', 'मी गेलतो'. लिहिताना मी 'गेले' लिहिते, पण तोंडातून 'गेलतो'च येतं. कपाटातही तेच आलं. तर एका शहाण्या श्रोत्याचं पुण्याहून पत्र आलं. 'आपल्या निवेदिकेच्या लिंगात दोष आहे, कृपया दुरुस्त करावा.' मी ते पत्र वाचून लाजेनं अर्धी झाले. सरांनी मात्र लगेच उत्तर लिहिलं. 'हा दोष न्हाय. ही सोय हाय. एकच रूप दोघांना चालतंय. तुमच्याकडंच दोन लागत्यात.'

असा हा माणूस. त्याला बंद सापडायला नको होतं. आणि ते सापडलं त्याच्याच सासुरवाडीत.

सरांच्या सासूबाई मुरगूडच्या. सीमेकडच्या लिंगायत घरातल्या, त्यामुळं मुली त्यांना कानडी पद्धतीनं अव्वा, म्हणजे आई, म्हणायच्या आणि मुलींचं ऐकून सगळं गावही. अव्वांची चटणी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. चटणी म्हणजे आमच्याकडं कांदा-लसूण मसाला, वर्षाचा एकदम उन्हाळ्यात करून ठेवायचा. प्रत्येक घराची कृती वेगळी आणि प्रत्येक घराची ती गुपित. अव्वांनी वहिनींच्या लग्नात ती कृती कॅलेंडरच्या पानामागं लिहून दिली होती. मिरच्या किती, खोबरं किती, दगडफूल, नाकेश्वर, बाद्यान, सगळं मापासकट. वहिनींनी ते पान साड्यांच्या घडीत ठेवलं होतं. आणि साड्यांत तर आमचा स्टुडिओ.

एका रविवारी माइक बांधताना ते पान सरांच्या पायावर पडलं. त्यांनी ते वाचलं. मी त्यांचा चेहरा पाहिला, आणि मला आपलं वाटलं, काहीतरी वाईट होणार.

दुसऱ्या दिवशी ब्लॉगवर 'अव्वाची चटणी, आवृत्ती एक' आली होती. खाली परवाना. कुणीही करावी, बदलावी, वाटावी. फक्त काय बदल केला तो सगळ्यांना सांगावा.

चार वर्षं ज्या ब्लॉगवर कुत्रं फिरकलं नव्हतं, तिथं आठवडाभरात झुंबड उडाली. आखातातल्या, अमेरिकेतल्या, लंडनच्या मराठी बायका. सर मेंटेनन्सची कामं सोडून माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे आणि हर्षानं सांगायचे, "मॅडम, ऑस्ट्रेलियात एकीनं मिरची निम्म्यानं कमी केली. नवी आवृत्ती फुटली!"

मी विचारलं, "वहिनींना सांगितलासा का?"

"कशाबद्दल?" सर म्हणाले.

फाल्गुनातल्या एका दुपारी गेटवरच्या वॉचमननं मला फोन केला. "मॅडम, एक म्हातारी आलीया. जावई आत हाय म्हणती. नाव इचारलं तर सांगत न्हाय. म्हणती, डोक्यावर बदक लावलेला."

हिरवं इरकल नेसलेल्या, कपाळावर विभूतीची बोटं ओढलेल्या, पायात जाड चपला घातलेल्या अव्वा रिसेप्शनच्या सोफ्यावर अगदी कडेला बसल्या. खोली नजरेनं पाहून घेतली आणि मला म्हणाल्या, "पंचतारांकित म्हणत्यात आन् पंखा बी धड न्हाय." मी पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं आणि प्यायल्या नाहीत, हातात धरून राहिल्या. घरी चार दिवस फोन करत होत्या. फोन लागत नव्हता. म्हणून एस.टी. बदलून इथं आल्या होत्या.

सर हेल्मेट काढत आत आले. "अव्वा! कवा आलासा?"

"जावई," अव्वा म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "गेल्या आठवड्यात बाजारात शिंपीण मला इचारती, अव्वा, तुमच्यात चटणीला मेथी भाजून घालता व्हय? तिच्या भाच्यानं दुबईत वाचलंय. चाळीस वर्सं मी दार लावून माप घेतलं. तुम्ही माझी चटणी जगाला वाटलासा?"

"वाटली न्हाय अव्वा," सर आनंदानं म्हणाले. "मुक्त केली."

मी खुणेनं त्यांना गप्प करत होते. त्यांनी मला हातानं बाजूला केलं आणि अव्वांना परवाना समजावून सांगायला घेतला. पहिलं कलम, दुसरं कलम. अव्वांनी तिसऱ्या कलमापर्यंत ऐकलं. मग पाण्याचा पेला टेबलावर ठेवला.

"पोरगी बी माझीच हाय," त्या म्हणाल्या. "तिच्यावर काय परवाना न्हाय न्हवं? न्हेतो तिला."

आणि घेऊन गेल्या. वहिनी लगेच निघाल्या, हे सरांना कळेचना. कळण्यासारखं होतं. वहिनींनी जाताना दारात उभं राहून सांगितलं होतं, "अव्वानं मला एकलीलाच दिलतं ते. माझ्याजवळ तेवढंच एक बंद हुतं. मला इचारलं बी न्हाईसा." आणि सगळ्या साड्या घेऊन गेल्या.

पुढच्या रविवारी आम्ही रिकाम्या कपाटात उभे राहिलो. मी "नमस्कार" म्हटलं तो पत्र्यावर आपटून तीनदा परत आला. सरांनी वाकळ टांगली, उशा कोंबल्या, मी आणलेली शाल लावली. जमलं नाही. तो भाग विहिरीतून बोलल्यासारखा झाला. श्रोत्यांनी लिहिलं, 'आवाज घुमतोय, जागा बदलली का?' सरांनी उत्तर दिलं नाही. ब्राझीलवाल्यानंही त्या आठवड्यात भाग उतरवून घेतला नाही, आणि सरांना ते फार लागलं. डब्यात आता रोज केळी आणि शेंगदाणे. डबा उघडाच असायचा, पण घास मागायला कोणी पुढं येत नव्हतं. ड्रायव्हर एकदा आपला डबा त्यांच्याकडं सरकवून म्हणाला, "खावा साहेब. काय उणं हाय सांगू नका फक्त."

मी त्यांना म्हटलं, "सर, कृती काढून टाका ब्लॉगवरनं. आणि मुरगूडला जाऊन पाया पडा."

"काढून उपेग न्हाय मॅडम. एकदा उघडलेलं बंद हुत न्हाय. शंभर जणांनी उतरवून घेतलंय." मग म्हणाले, "पाया पडाय माझी ना न्हाय."

पण पडले नाहीत. महिना गेला, दीड महिना गेला. आणि मग ब्लॉगवर पत्रं यायला लागली. पहिलं मस्कतहून. गडहिंग्लजकडची एक नर्स तिथं नोकरीला होती. तिनं लिहिलं, 'मी तीनदा केली. तिखट बरोबर येतं, रंग बरोबर येतो, वास येतो. पण लहानपणी मुरगूडच्या मावशीकडं ह्याच अव्वांची चटणी खाल्लेली मला आठवते. गिळल्यावर मागं घशात काहीतरी रेंगाळायचं. ते येत नाही. काहीतरी राहिलंय.' मग लंडनहून तसंच. मग नाशिकहून.

सरांनी तीन दिवस रजा काढली. बाजारातून जिन्नस आणले, काटा आणला, आणि कृतीबरहुकूम चटणी केली. शेजारचे लोक खोकत गल्लीत येऊन उभे राहिले. मग घरातल्या बरणीच्या तळाशी अव्वांच्या हातची मूठभर उरली होती ती आणि आपली, अशा दोन वाट्या करून त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. "डोळं मिटून चाखा."

मी चाखली. मस्कतच्या बाईचं खरं होतं.

"कृतीत दोष हाय," सर म्हणाले. कित्येक आठवड्यांनी त्यांच्या डोळ्यांत उजेड दिसला. "मॅडम, चला मुरगूडला."

वैशाखातला रविवार होता. एस.टी.त मी त्यांना सबंध वाटभर पढवलं. आधी माफी मागायची. मग तब्येत विचारायची. मग वहिनींना चला म्हणायचं. चटणीचा विषय काढायचा नाही. सर प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

अव्वांच्या सोप्यात जुन्या लुगड्यांवर तांबड्या मिरच्यांचा ढीग पडला होता. अव्वा देठं काढत बसल्या होत्या. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. आम्हाला पाहून त्यांनी पदर सारखा केला.

सर मिरच्यांच्या ढिगासमोर मांडी घालून बसले. पिशवीतून कागद काढले. आणि म्हणाले, "अव्वा, तुमच्या कृतीत चूक हाय."

मी डोळे मिटून घेतले.

"माझ्या चटणीत?" अव्वांचा आवाज ऐकू आला.

"चटणीत न्हाय. कृतीत." आणि सरांनी एकेक पत्र वाचायला घेतलं. मस्कत, लंडन, नाशिक. अव्वांचे हात देठं काढत होते. मस्कतच्या पत्रातलं 'घशात काहीतरी रेंगाळायचं' आलं तेव्हा ते थांबले.

"मी सवता करून बघितली," सर म्हणाले. "त्या बायांचं खरं हाय."

"माझी बी तशीच हुती." हे वहिनी बोलल्या. त्या दारातून बाहेर आल्या होत्या. "चौदा वर्सं माझी बी तशीच हुती. हितं येऊन तुझ्याबरूबर केली की झकास, आन् घरी केली की उणी. तू म्हणायचीस, तुझ्या हाताला गुण न्हाय. अव्वा, कागदावर काय राहिलंय?"

अव्वांनी एक मिरची उचलली, तिच्याकडं पाहिलं आणि परत ढिगात टाकली.

"राहिलं न्हाय," त्या म्हणाल्या. "ठेवलंय."

सरांनी पहिल्यांदाच हातातले कागद खाली ठेवले.

"तुझ्या थोरल्या अक्काला लगनात समदं दिलतं," अव्वा म्हणाल्या. "एक बी जिन्नस मागं ठेवला न्हाई. ती आली व्हय कवा चटणीला? इचलकरंजीत बसून करती. वर डबा भरून मलाच धाडती, चाखून बघ म्हणून. मग तुझ्या येळंला मी शाणी झालो. समदं कागदावर दिलं असतं, तर तू कशाला आली असतीस दर उन्हाळ्याला?"

मला वाटलं, आता वहिनी रडतील. वहिनी पेटल्या. "म्हंजे अक्काला म्हाईत हाय? अक्काला?" आणि तरातरा आत गेल्या. आतून ट्रंकेचा आवाज आला. साड्यांचं गाठोडं घेऊन त्या बाहेर आल्या. "चला वं."

"कुठं?" सर म्हणाले.

"घरला! आन् कुठं?"

दोन महिने ज्यासाठी आम्ही झुरत होतो, ते असं झालं. नवऱ्यावर रागावून माहेरी आलेली बाई आईवर रागावून सासरी निघाली होती. सर उठून चपला शोधायला लागले. अव्वा तशाच बसलेल्या. आणि मग त्या म्हणाल्या, "जावई. ते तुमचं बोलायचं यंत्र आणलंय का?"

अर्थातच आणलं होतं.

"काढा. त्या मस्कतच्या बाईसंगट मला बोलायचंय."

अव्वा ट्रंक कॉलवर बोलल्यासारख्या ओरडून बोलल्या. "ऐकू येतंय का?" म्हणून उत्तराची वाट पाहत थांबल्या. उत्तर येणार नाही असं सरांनी सांगितल्यावर म्हणाल्या, "मग कशापाय बोलायचं?" पण बोलल्या. "बाई, तुझं बरूबर हाय. एक जिन्नस उणा हाय. जीभ चांगली हाय तुझी. लिवून देणार न्हाय मी. सुट्टीला आलीस की मुरगूडला ये, उन्हाळ्यात ये, डंकावर माझ्या शेजारी उभी ऱ्हा. दाखवतो. दुसऱ्या कुणाला पायजे असंल तर त्यांनी बी या." मग माइक तोंडाशी तसाच धरून दाराकडं पाहत म्हणाल्या, "माझी पोरगी रागानं निघालीया. तिला आज दाखवून धाडतो."

त्या उठल्या आणि वहिनींचा हात धरून त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेल्या. दार लागलं. सर आणि मी मिरच्यांजवळ बसून राहिलो. बऱ्याच वेळानं दोघी बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे लाल होते. घरभर मिरच्या होत्या, त्यामुळं खात्रीनं काही सांगता येत नाही.

परतीच्या एस.टी.त सरांनी दबक्या आवाजात विचारलं, "काय हुतं?"

"मुरगूडला जाऊन बघा," वहिनी म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

तो भाग चढवायचा की नाही, ह्यावर सर आठवडाभर जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. जे लिहून द्यायचं नाही ते प्रसिद्ध करायचं कसं? शेवटी त्यांनी सुरुवातीला स्वतःच्या आवाजात चार मिनिटांचं निवेदन जोडलं, की ह्या भागातली भूमिका आमच्या तत्त्वात बसत न्हाय. ते निवेदन कुणी ऐकलं नाही. पुढचं अव्वांचं बोलणं मात्र सगळ्यांनी ऐकलं, पुन्हा पुन्हा ऐकलं, आणि एकमेकींना पाठवलं. ब्लॉगवरच्या कृतीत सरांनी शेवटी आकडा घालून एक ओळ कोरी सोडली. तिच्यापुढं लिहिलं, 'बाकी'.

आणि पुढच्या उन्हाळ्यात बायका खरोखरच आल्या. मस्कतची नर्स आली, आपल्या आईला घेऊन. नाशिकच्या दोघी आल्या. पुण्याहून माझ्या लिंगाचा दोष काढणाऱ्या गृहस्थांची बायको आली आणि दुसऱ्याच दिवशी "मी बसतो जरा" म्हणायला लागली. गावच्या डंकावर, म्हणजे लोखंडी मुसळांनी मिरची कांडायच्या गिरणीत, त्या रांगेनं उभ्या राहायच्या. सगळं घालून झालं की अव्वा शेवटी पदराची गाठ सोडून त्यातून चिमूटभर काहीतरी काढायच्या आणि एकेकीच्या नाकाशी धरून आत टाकायच्या. इचलकरंजीची अक्कासुद्धा आली. मीही उभी राहिले. काय ते इथं लिहिणार नाही.

सर तेवढे एकटेच बाहेर. ते दर वर्षी यायचे, गिरणीबाहेर स्टुलावर बसून डंकाचा आवाज रेकॉर्ड करायचे, बायकांशी बोलायचे, पण आत पाऊल टाकायचे नाहीत. मला वाटायचं, रुसवा आहे. बंद आहे तोवर येणार नाही, अशातलं काहीतरी.

तीन-चार उन्हाळे असे गेले. मग एका वर्षी अव्वा अंगानं खंगल्या. बोटं सांध्यांत आखडली. त्या वर्षी बायका कमी होत्या, आणि मिरचीचं पोतं उचलायला गिरणीत कोणी नव्हतं, म्हणून सरांना आत बोलावलं. त्यांनी पोतं ओतलं. खोबरं गेलं, लसूण गेला, मसाले गेले. सगळं झालं आणि अव्वांनी पदर पुढं घेतला. त्यांना गाठ सुटेना. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केला. त्यांनी वर पाहिलं. सगळ्यात जवळ सर उभे होते.

"जावई," अव्वा म्हणाल्या, "एवढी गाठ सोडा."

सर दोन पावलं मागं सरकले.

"सोडा की. आता तुमच्यापासनं काय लपवायचंय?"

"नगं अव्वा," सर म्हणाले. त्यांच्या भुवयांवर, मिशीवर तांबडी भुकटी बसली होती. "मला कळलं तर मला लिवावं लागंल."

आणि ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. वहिनींनी पुढं होऊन गाठ सोडली. डंक पुन्हा सुरू झाला. मिरचीचा ठसका उठला, सगळ्याजणी पदर नाकाला लावून खोकायला लागल्या, आणि भिंतीशी उभा असलेला तो उंच माणूस शिंकत शिंकत, मागं न बघता विचारत होता, "झालं का? अव्वा, झालं का?"